नाव मोठे, शिकवणे कसे?

महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या कॅप फेरीसाठी पसंतीक्रम भरताना बहुतेक घरांत एकच कागद पुढे ठेवलेला असतो: मागच्या वर्षीचा कटऑफ. कोणत्याही सरकारी क्रमवारीपेक्षा या आकड्यावर पालकांचा भरवसा अधिक असतो. गंमत अशी, की तो आकडा महाविद्यालय ठरवत नाही, तिथे येऊ पाहणारी मुले ठरवतात. शेवटची जागा ९९ पर्सेंटाइलला भरली, याचा अर्थ तेवढ्या तयारीच्या मुलांनी ते नाव यादीत वर लिहिले, इतकाच. हीच मुले चार वर्षांनी चांगल्या नोकऱ्या पटकावतात, त्या नोकऱ्यांची जाहिरात होते आणि पुढच्या खेपेला कटऑफ आणखी चढतो. या सगळ्यात वर्गात काय शिकवले गेले, हा प्रश्न कोणालाच विचारावा लागत नाही. कटऑफ स्वतः ठरवणाऱ्या दिल्लीच्या श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने २०११ मध्ये, बारावीला वाणिज्य न घेतलेल्या मुलांसाठी बी.कॉम. ऑनर्सचा कटऑफ १०० टक्के लावला, तेव्हा देशभर चर्चा झाली. पुढे २०२२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने सीयूईटी ही प्रवेश परीक्षा स्वीकारली आणि बारावीच्या गुणांचे हे कटऑफ इतिहासजमा झाले. वर्गात शिकवणारे प्राध्यापक मात्र तेच राहिले.

चांगली मुले आली म्हणून निकाल चांगला लागला की महाविद्यालयाने त्यांना घडवले म्हणून, हे वेगळे करणे अवघड असते. व्हर्जिनिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ शीतल सेखरी यांनी भारतातील महाविद्यालयांबाबत नेमके हेच करून पाहिले. कटऑफच्या रेषेच्या थोडी वर असलेली आणि थोडक्यात हुकलेली मुले तयारीने जवळपास सारखीच असतात. पहिली नामवंत सरकारी महाविद्यालयात जातात, दुसऱ्यांना खासगी महाविद्यालयाची वाट धरावी लागते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या गटाचे पगार जास्त निघाले, पण पदवीच्या अंतिम परीक्षेतील गुणांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे नोकरी देणारा नावाचे पैसे मोजत होता. त्या नावामुळे शिकण्यात भर पडल्याचे गुणांत तरी दिसत नव्हते.

अमेरिकेतही असाच निष्कर्ष आधी निघाला होता. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर यांनी २००२ च्या अभ्यासात दाखवले, की नामांकित महाविद्यालयात प्रवेश मिळूनही तुलनेने साध्या ठिकाणी शिकलेल्यांची पुढची कमाई सरासरीने कमी भरत नाही. गरीब घरांतील मुले मात्र याला अपवाद होती, त्यांना नावाचा फायदा झाला. ज्या घरात ओळखी नाहीत तिथे महाविद्यालयाचे नाव ओळखीचे काम करते, असा याचा अर्थ लावता येतो. त्यामुळे पालकांची नावामागची धावपळ अगदीच अडाणीपणाची म्हणता येत नाही. ते शिक्षणापेक्षा शिक्का विकत घेत असतात, आणि शिक्क्याला बाजारात भाव असतो.

हा शिक्का सरकारी मोजपट्टीने तपासण्याचा प्रयत्न म्हणजे २०१५ मध्ये जाहीर झालेली एनआयआरएफ ही राष्ट्रीय क्रमवारी. तिच्या याद्या २०१६ पासून निघतात. विद्यापीठांसाठी अध्यापन व साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३०, पदवीनंतरच्या निष्पत्तीला २०, समावेशकतेला १० आणि लोकमानसातील प्रतिमेला १० टक्के वजन आहे. शेवटचा घटक विचित्रच म्हणावा लागेल. प्रतिष्ठा खरी आहे का, हे तपासायला निघालेली मोजपट्टी प्रतिष्ठेलाच गुण देते. जागतिक क्यूएस क्रमवारीत तर अनेक वर्षे अर्धे वजन अध्यापक आणि नोकरदात्यांच्या मतांना होते.

तरीही या क्रमवारीत दम असलेल्या गोष्टी आहेत. १५ विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ शिक्षक असेल तर पूर्ण गुण, हा त्यातला साधा आणि जिव्हारी लागणारा निकष. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत भरती वर्षानुवर्षे रखडलेली आहे. कित्येक विभाग तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीवरच्या शिक्षकांच्या जोरावर चालतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२४ च्या यादीत विद्यापीठांमध्ये २३ वे होते, २०२५ मध्ये ते ५६ वर घसरले. शिक्षकांच्या रिक्त जागांची चर्चा तेव्हा पुन्हा उसळली. या घसरणीची कारणे एका वर्षातली नाहीत; रोग जुना, ताप आत्ता मोजला गेला.

संशोधनाच्या बाबतीत मात्र हीच मोजपट्टी तोकडी पडते. शोधनिबंध मोजले जातात ते स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींमधून. मराठी नियतकालिकांत येणारे इतिहासाचे, लोकसाहित्याचे, बोलींचे संशोधन या सूचींमध्ये जवळपास नसतेच. एखाद्या प्राध्यापकाने दहा वर्षे मोडी दफ्तरे वाचून मराठीत ग्रंथ लिहिला, तर संस्थेच्या गुणांत त्याची भर नाही. घाईत छापलेला इंग्रजी निबंध मात्र मोजला जातो. अशा घाईची फळे दिसू लागल्यावर मागे घेतलेल्या निबंधांसाठी २०२५ पासून गुण वजा करण्याची तरतूद झाली.

दुसरी अडचण आकडे येतात कुठून, ही. शोधनिबंधांची संख्या बाहेरून घेतली जात असली तरी विद्यार्थी, शिक्षक, खर्च आणि नोकऱ्या यांची बहुतेक माहिती संस्थाच भरून देतात. याचा धोका किती मोठा, हे कोलंबिया विद्यापीठाने दाखवले. अमेरिकेच्या ‘यूएस न्यूज’च्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाचे आकडे त्याच्याच वेळापत्रकांशी ताडून पाहिले. २० पेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग ८२.५ टक्के असल्याचा दावा होता. त्यांच्या हिशेबात ते ६३ ते ६७ टक्क्यांच्या आसपास निघाले. विद्यापीठाला नंतर ५७ टक्क्यांवर यावे लागले आणि त्याचा क्रमांक १८ झाला. या काळात तिथला एकही वर्ग वाईट झाला नव्हता किंवा सुधारलाही नव्हता.

भारतात स्वतः भरलेली माहिती पडताळण्यासाठी प्रत्यक्ष भेटीची सोय नॅक या मूल्यांकन परिषदेत अनेक वर्षे होती. १९९४ मध्ये स्थापन झालेली ही परिषद सात निकषांवर चारपैकी गुण देत आली, ३.५१ पासून पुढे ए++. पीअर टीम, म्हणजे नॅकची तपासणी समिती, येण्याआधीचे महिने महाविद्यालयात कसे जात, हे कोणत्याही प्राध्यापकाला विचारावे. ‘माझ्याकडे क्रायटेरियन तीन आहे’ असे सांगत माणसे तासांऐवजी फायलींच्या मागे असत, जुन्या कार्यक्रमांचे फोटो आणि अहवाल गोळा होत, भिंतींना रंग लागे. फायली व्यवस्थित ठेवणे हाही गुणच, पण तो शिकवण्याचा नव्हे. या यंत्रणेवरचे गंभीर आक्षेप आतूनच आले: कार्यकारी समितीचे अध्यक्ष भूषण पटवर्धन यांनी गैरप्रकारांकडे बोट दाखवत मार्च २०२३ मध्ये पद सोडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने तपासणी समितीच्या सदस्यांना अटक केली.

महाराष्ट्राकडे तुलनेचे एक साधन होते, ते फारसे वापरलेच गेले नाही. एकाच विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचा अभ्यासक्रम एक, प्रश्नपत्रिका एक. कोणत्या महाविद्यालयात किती पर्सेंटाइलची मुले आली आणि अंतिम वर्षाला त्यांना काय गुण पडले, हे शेजारी शेजारी मांडले असते, तर ८० पर्सेंटाइलच्या मुलांना वर आणणारे तालुक्याचे महाविद्यालय सहज दिसले असते. आता नामवंत महाविद्यालये स्वायत्त होत आहेत. अभ्यासक्रम त्यांचा, प्रश्नपत्रिका त्यांची, तपासणीही त्यांचीच. अभ्यासक्रम ताजे ठेवायला स्वायत्ततेचा उपयोग होतो, पण तुलना त्यामुळे जवळपास अशक्य होते.

पालकांना आज हाताशी असलेला सर्वांत उपयोगी कागद क्रमवारीच्या यादीत नाही, तिच्या मागे आहे. एनआयआरएफला दिलेली माहिती संस्थेने स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायची असते, आणि ती पीडीएफ फारसे कोणी उघडत नाही. तिच्यात किती मुले आली, ठरलेल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांच्या पगाराचा मध्यांक काय, हे एका ओळीत असते. मध्यांक महत्त्वाचा, कारण फलकावर झळकणारे सर्वोच्च पॅकेज एकाच मुलाचे असते. शिक्षकांचा तक्ता त्याहून बोलका. त्यात पात्रता, महिन्यांत मोजलेला अनुभव, रुजू झाल्याची तारीख आणि नेमणुकीचा प्रकार दिलेला असतो. सलग काही वर्षांचे तक्ते ताडून पाहिले, की तिथे माणसे टिकतात की दर जूनला नवी नावे येतात, हे कळते. एकाच महाविद्यालयात संगणक विभाग दर वर्षी बदलता आणि स्थापत्य विभाग दहा वर्षे तोच, असेही असू शकते. एका क्रमांकात हे दोन्ही विभाग मिसळून गेलेले असतात.