कळले किती, हे कसे कळावे?



कॉलेजातील मुलांना इंग्रजी वाचून व ऐकून किती समजते, ते कसे मोजावे, या विषयावर बोलावयास एका कामगार-संघटकास उभे केले, याचे काहींना नवल वाटले असेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. दहावी होऊन कारखान्यात लागलो आणि इंग्रजी शिकलो ते १९४८च्या फॅक्टरी ॲक्टच्या एका जीर्ण प्रतीवरून, शेजारी शब्दकोश ठेवून. या विषयाशी माझी गाठ पडली ती बी. कॉम. झालेल्या एका मुलामुळे.

तो युनियनच्या कचेरीत आला तेव्हा त्याला कामावरून कमी करून दोन दिवस झाले होते. नेमणुकीचे पत्र बरोबर होते. मी म्हटले, "वाच बघू." त्याने ते घडाघडा वाचले, उच्चार माझ्यापेक्षा शतपटीने चांगले. मग विचारले, "आता यात काय लिहिले आहे, ते सांग." तो म्हणाला, "काका, अकरा महिन्यांनंतर नोकरी आपोआप पुढे चालू राहील." पत्रात नेमके उलटे होते. लेखी मुदतवाढ मिळाली नाही, तर नोकरी आपोआप संपेल! सारे ओझे 'अनलेस' या एका शब्दावर होते. 'ऑटोमॅटिकली' आणि 'एक्स्टेंडेड' हे ओळखीचे शब्द त्याने उचलले आणि मनात जी आशा होती तिच्या दोऱ्यात ओवले. या मुलाला इंग्रजीत बासष्ट गुण होते. ते गुण खोटे होते असे मी म्हणत नाही. ते कशाचे होते, एवढेच मला विचारावयाचे आहे.

आता एक गंमत करू. मी एक वाक्य सांगतो: "गिरबुटाने टिंगळी फुसकटली, कारण ती मुरचट होती." प्रश्न पहिला: गिरबुटाने काय फुसकटले? टिंगळी. प्रश्न दुसरा: टिंगळी का फुसकटली? कारण ती मुरचट होती. झाले, आपण सर्वजण पैकीच्या पैकी गुण घेऊन पास! गिरबुट म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक नाही आणि मलाही नाही. उताऱ्याखालचे पुष्कळसे प्रश्न या जातीचे असतात. प्रश्नातील शब्द उताऱ्यात हुडकावयाचा आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे वाक्य उतरून काढावयाचे. यात नजर तपासली जाते, समज नव्हे.

मग प्रश्न कसा असावा? त्या पत्रावर मी असा विचारीन: "अकरा महिने झाले, कंपनीकडून काहीच पत्र आले नाही. दुसऱ्या दिवशी हा मुलगा फाटकाशी गेला, तर त्याला आत घेणे कंपनीवर बंधनकारक आहे काय?" याचे उत्तर कोणत्याही ओळीत तयार पडलेले नाही. ते वाचणाऱ्याच्या डोक्यात व्हावे लागते.

प्रश्नपत्रिका तपासण्याची एक सोपी युक्तीही आहे. उतारा न देता नुसते प्रश्न चार मुलांपुढे ठेवावे. ज्याची उत्तरे उताऱ्यावाचूनच येतात, तो प्रश्न खुशाल काढून टाकावा. आणि चार पर्यायांतून एक निवडण्याचे चाळीस प्रश्न असतील, तर डोळे मिटून खुणा करणाऱ्याचेही सरासरीने दहा बरोबर येतात, हे निकाल लावताना विसरू नये.

१९५३ साली विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकाने 'क्लोझ' नावाची पद्धत मांडली. मूळ हेतू मजकूर किती अवघड आहे हे पाहण्याचा. पुढे वाचकाची समज मोजण्यासही ती लोकांनी वापरली. उताऱ्यातील दर पाचवा किंवा सातवा शब्द गाळावयाचा आणि वाचणाऱ्याने तो भरावयाचा. खर्च एका कागदाचा! पण यात बहुधा जवळच्या दोन-तीन शब्दांवरूनही जागा भरता येते. सबंध पत्राचा रोख कळला की नाही, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून ही पद्धत मी चाळणी म्हणून वापरतो, तराजू म्हणून नाही.

ऐकण्याची गोष्ट निराळी. डोळ्याला मागच्या ओळीवर परत जाता येते, कानाला येत नाही. आपल्या लेखी परीक्षांत तर कानाला जागाच नाही. १९७९ साली जपानात सुरू झालेल्या 'टोइक' परीक्षेत ऐकण्याचे शंभर व वाचण्याचे शंभर प्रश्न असतात आणि दोहोंचे गुण वेगवेगळे सांगतात. हे मला पटते. दोहोंची बेरीज करून टाकली, की कोणता पाय लंगडा हे दिसतच नाही. 'आयेल्ट्स'मध्ये ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात, पण त्याआधी प्रश्न वाचावयास वेळ देतात. त्यामुळे कशासाठी ऐकावयाचे ते मुलाला ठाऊक असते. कारखान्यातही आपण असेच कान देतो. उलट, दहा मिनिटे निबंध वाचून दाखवून मग तपशील विचारले, तर ती स्मरणशक्तीची परीक्षा झाली. आणि सभागृहातला भोंगा खरखरत असेल, तर मागच्या बाकावर नापास होतो तो भोंगा! 'थर्टी' आणि 'थर्टीन' यांतला फरक आघातावर असतो. त्या खरखरीत तो प्रथम बुडतो.

राहिला माझा आणि प्राध्यापकमंडळींचा जुना तंटा. मी म्हणतो, समज तपासावयाची असेल तेथे उत्तर मराठीत लिहू द्या. ते म्हणतात, मग इंग्रजीची परीक्षा कसली? परंतु मुलाने इंग्रजीत चुकीचे उत्तर लिहिले, तर त्याला कळले नव्हते की लिहिता आले नाही, हे कोणी सांगावे? लिहिण्याची परीक्षा जरूर घ्या, पण वेगळी घ्या.

आमच्या कचेरीत रविवारी सकाळी पंधरा-वीस मुले जमतात. एक खरी नोटीस आणि तीन प्रश्न, उत्तरे मराठीत. तो बी. कॉम.वाला मुलगाही येतो. त्याची नोकरी काही परत मिळाली नाही. उच्चार चांगले म्हणून ऐकण्याच्या वेळी नोटीस तोच वाचतो. प्रश्न मात्र मी काढतो, आणि अजून अधूनमधून माझ्या प्रश्नांतही एखादी टिंगळी निघतेच.