घरगुती मांजरांची केसगळती : कारणे, गैरसमज आणि नियंत्रण
(यवतमाळ जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील शेतकऱ्याच्या घरात धान्य साठविलेले असते. धान्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर येते. त्यामुळे मांजर हे ग्रामीण कुटुंबाचा जुना राखणदार ठरले आहे. यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या शहरांत हौसेखातर मांजर पाळणारी कुटुंबेही आहेत. मांजर मारल्यास काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, अशी लोकसमजूत आहे. तथापि नकोसे झालेले मांजर पोत्यात घालून दूर सोडून देण्यात मात्र फारसे पाप मानले जात नाही. त्यासाठी दिले जाणारे एक नेहमीचे कारण म्हणजे घरभर पसरणारे केस आणि ‘मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो’ हा समज. प्रस्तुत लेखात या समजाची शास्त्रीय तपासणी करून केसगळतीची कारणे व तिच्या नियंत्रणाचे घरगुती उपाय यांचे विवेचन केले आहे.

केसगळतीची कारणे

मांजराचा प्रत्येक केस वाढ, संक्रमण आणि विश्रांती या तीन अवस्थांतून जातो. विश्रांती संपली की जुना केस गळतो व नवा उगवतो. म्हणजेच केसगळती ही मूलतः निसर्गक्रमाने होणारी क्रिया आहे. या चक्राचे नियमन मुख्यतः दिनमानावर अवलंबून असते. थंड प्रदेशांत हिवाळा व उन्हाळा यांतील दिनमानाचा फरक मोठा असल्याने तेथे केसगळतीचे हंगाम ठळक असतात. यवतमाळ सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे डिसेंबरातील दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनमधील दिवस १३ तासांहून थोडा अधिक असतो. त्यातच घरातील मांजर रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या प्रकाशात वावरते. परिणामी केस थोडेफार वर्षभर गळतात आणि थंडी सरताना त्यांचे प्रमाण वाढते.

दुसरे कारण आहाराचे आहे. केस हा बहुतांशी केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. आपल्याकडे त्याला प्रायः दूध-पोळी दिली जाते. पोळीतून त्याला आवश्यक असलेले प्राणिज प्रथिन व टॉरिन मिळत नाही, तर अनेक प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही. अशा आहारावरच वाढणाऱ्या मांजराचे केस निस्तेज होऊन अधिक गळू शकतात. उकडलेले अंडे, मासळी, कोंबडीचे मांस किंवा तयार मांजरखाद्य यांची जोड दिल्यास केसांचा पोत सुधारण्यास मदत होते.

तिसरे कारण म्हणजे रोग. पिसवा, त्वचेचा दाह आणि गजकर्णासारखा बुरशीजन्य संसर्ग यांमुळे एका जागचे केस जाऊन टक्कल पडते. त्यांपैकी गजकर्ण मांजरापासून माणसालाही होऊ शकतो. म्हणून गोल चट्टे, खपल्या वा सततची खाज दिसल्यास पशुवैद्यकाचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

केस आणि दमा

गिळलेल्या केसाने माणसास दमा होत नाही. मांजरामुळे होणाऱ्या ॲलर्जीचे प्रमुख कारण ‘फेल डी १’ नावाचे प्रथिन आहे. ते मांजराच्या लाळेत व त्वचेतील तैलग्रंथींत तयार होते. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. हे काटे टोकाशी पोकळ असून लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचवितात, असे अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. ही लाळ वाळली की प्रथिनाचे सूक्ष्म कण केस व कोंड्यासह हवेत मिसळतात. केस हे केवळ वाहन आहे. म्हणूनच मांजर घराबाहेर काढल्यावरही हे प्रथिन गाद्या व पडद्यांत अनेक आठवडे, प्रसंगी काही महिने टिकून राहते.

यवतमाळच्या संदर्भात आणखी एक बाब लक्षणीय आहे. वेचणीनंतर भाव मिळेपर्यंत कापूस अनेकदा राहत्या घरातच साठविला जातो. त्याची धूळ व तंतू यांमुळेही शिंका, खोकला व अंगाला खाज संभवते. अशा घरात दोष मांजराचा की कापसाचा, हे केवळ तर्काने ठरविता येत नाही. वैद्यकीय सल्ल्याने त्वचा-चाचणी वा रक्तचाचणी करून घेणे हाच योग्य मार्ग होय.

नियंत्रणाचे उपाय

१) विंचरणे : गळणारा केस जमिनीवर पडण्यापूर्वीच फणीत यावा, हे नियंत्रणाचे मुख्य सूत्र आहे. आखूड केसांच्या देशी मांजरास आठवड्यातून दोन-तीनदा, तर पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजरास रोज, केसांच्या दिशेने विंचरावे. त्यामुळे मांजराच्या पोटात जाणारे केस व त्यांच्या गोळ्यांची उलटीही कमी होते. वारंवार उबळ येऊनही काही न पडणे आणि अन्न सोडणे ही मात्र धोक्याची लक्षणे समजावीत.

२) झाडलोट : कोरड्या झाडूने केस व कण हवेत उडतात. आधी ओलसर फडके फिरवावे. गादीवर ओला रबरी हातमोजा फिरविल्यास केस गोळा होतात. चादरी व गोधड्या आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवाव्यात.

३) फिनाईल टाळणे : फिनॉलवर्गीय द्रव्यांचे विघटन करण्याची मांजराच्या यकृताची क्षमता अत्यल्प असते. अशा द्रावणाने पुसलेल्या फरशीवर चालून ते पंजे चाटते व त्यास विषबाधा होऊ शकते. त्याऐवजी सौम्य साबणाचे पाणी वापरून फरशी कोरडी करावी.

४) उन्हाळ्यातील दक्षता : पारा ४० अंशांच्या वर गेला तरी मांजराचे केस भादरू नयेत, तेच त्याचे उन्हापासून रक्षण करतात. कूलरच्या ताट्यांत व जाळीत अडकलेले केस नियमित काढावेत.

५) शयनगृह : ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या शयनगृहात मांजरास प्रवेश नसावा. मांजरास अंघोळ घातल्याचा लाभ काही दिवसच टिकतो. त्यावर विसंबू नये.

समारोप

केसगळती थांबविता येत नाही. ती आटोक्यात मात्र ठेवता येते, आणि त्यासाठी फणी, ओले फडके व योग्य आहार एवढी सामग्री बहुतांशी पुरेशी आहे. तीव्र दम्याच्या रुग्णाच्या घरी वैद्यकीय सल्ल्याने मांजर दुसरीकडे देणे भाग पडू शकते. परंतु तेव्हाही ते सांभाळ करणाऱ्या परिचित घरी द्यावे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्यास वाजवी कारणाविना टाकून देणे हा अपराध आहे. घरात पाळलेले मांजर पोत्यातून गावाबाहेर नेऊन सोडणे म्हणजे बहुधा त्याला उपासमारीच्या तोंडी देणेच होय. ज्या समजापोटी हे घडते तो समजच निराधार असल्याने, त्याचे निराकरण करणे हे सुशिक्षितांचे कर्तव्य ठरते.