कुत्रा अंगणात, डास कुलरमध्ये

कुत्रा पाळणाऱ्यांकडून एक प्रश्न सारखा येतो: परसात डास झालेत, काय फवारू? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. काहीच नको. आधी पाणी शोधा.

आपल्या आर्णीकडे हे जरा जोर देऊन सांगावं लागतं, कारण इथं फवारायला घरात काहीतरी असतंच. कापसाचा पट्टा आहे राजेहो. वावरातून उरलेली औषधाची बाटली गोठ्यात नाहीतर न्हाणीच्या मागं पडलेली असते. "घे, थोडं नालीत टाक, डास खल्लास," असा सल्लाही फुकट मिळतो. याच यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कापसावर फवारताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. ती उभी माणसं होती. कुत्र्याचं नाक तर जमिनीलाच लागलेलं. तो त्याच नालीच्या काठाशी ओल्या मातीत झोपतो आणि मग पाय चाटत बसतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधं किड्याच्या नसांमधलं एक एन्झाइम बंद पाडतात. नसेला 'थांब' म्हणणारं कुणी उरत नाही. तेच एन्झाइम आपल्यात आहे, कुत्र्यातही आहे. म्हणजे बाटलीवर कापूस आणि बोंडअळीचं चित्र असलं तरी आतलं औषध चित्र बघून काम करत नाही.

आता पाण्याकडे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण ७ ते १० दिवस लागतात, आणि उडायला लागेपर्यंतचं त्याचं सगळं आयुष्य पाण्यात जातं. आरोग्य विभाग आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा म्हणतो, तो याच हिशोबानं. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे लगेच पटतं: दर रविवारी चालणारा जॉब, डासाची सायकल पूर्ण व्हायच्या आत.

आपल्याकडचा पहिला गुन्हेगार म्हणजे कुलर. मृग लागला की कुलर बंद होतो, व्हरांड्यात सरकतो, आणि टाकीत चार बोटं पाणी तसंच राहतं. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यावर खूश. नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिस अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भिंतीला चिकटवून घालतो, आणि ती कोरडी राहूनही काही महिने टिकतात. पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणून टाकी काथ्यानं किंवा ब्रशनं घासायची, वाळूच्या कपड्यानं पुसायची नाही, घासायची. नळाच्या भरवशावर भरून ठेवलेले ड्रम आणि रांजण कापडानं बांधायचे. छतावरचे टायर भंगारवाल्याला द्या. आणि हो, कुत्र्याचं भांडं! ते रोज बदला आणि आतून घासा.

नालीतला डास वेगळा, क्युलेक्स. त्याला घाण पाणी लागतं आणि तो रात्री चावतो. काही लोक नालीत गाडीचं काळं ऑईल ओततात. कुत्रा त्यातून चालला की ते पायाला लागतं आणि चाटून पोटात जातं, त्यामुळे ते नकोच. खरा उपाय शोषखड्डा. पैनगंगेच्या पलीकडे, नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी 'मॅजिक पिट' करून उघड्या नाल्याच संपवल्या आणि डासमुक्त गाव म्हणून नाव कमावलं. खड्डा, त्यात भोकं पाडलेली टाकी, भोवती दगड. सांडपाणी जमिनीत मुरतं, वर काही दिसत नाही. कुत्र्याला चाटायलाही काही उरत नाही.

जिथं पाणी काढताच येत नाही, उदाहरणार्थ मोठा हौद, तिथं गप्पी मासे सोडा. फक्त ते अरुणावतीत नेऊन सोडू नका, नदीतल्या देशी माशांना त्रास होतो. दुसरा पर्याय बीटीआय, म्हणजे एका जिवाणूची पावडर. तिचं विष अळीच्या अल्कधर्मी आतड्यातच जागं होतं. कुत्र्याच्या पोटात आम्ल असतं, त्यामुळे पाकिटावरच्या मापात टाकलं तर त्याला धोका नाही. आरोग्य कर्मचारी टाक्यात अबेट टाकतात, त्याचं माप अगदी थोडं, लिटरला १ मिलिग्रॅम असतं. ते त्यांनाच टाकू द्या, स्वतः बाटली आणून ओतू नका.

धुराची गाडी आली की फक्त उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच. तेवढा वेळ कुत्रा घरात, भांडं रिकामं. अगरबत्ती आणि लिक्विडची बाटली तोंड पोचणार नाही अशी ठेवा. माणसांची डीट असलेली क्रीम कुत्र्याला लावू नका, तो ती चाटतोच. टी ट्री तेलही नको, 'नैसर्गिक' लिहिलंय म्हणून काय झालं. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिनवालं औषध डॉक्टरला विचारून वापरा, पण घरात मांजर असेल तर ते मांजरीला घातक ठरू शकतं, हे आधी सांगा. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कुत्रा झोपतो तिथं एक पंखा. डास कमजोर उडतो, वाऱ्यात बसूच शकत नाही.

डास कुत्र्याला डायरोफायलेरिया नावाचा कृमीही देतात, म्हणून अंगावर गाठ आली किंवा खोकला टिकला तर रक्त तपासून घ्या.

कुत्रा औषधात भिजलाच, लाळ गाळतोय, थरथरतोय, बुबुळं टाचणीएवढी झालीत, तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं धुवा. ओकारी काढायला लावू नका, मीठ-पाणी पाजू नका. बाटलीच्या लेबलचा फोटो घ्या आणि थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. औषधाचं नाव कळलं की डॉक्टरांना अॅट्रोपिन द्यायचं की नाही ते पटकन ठरवता येतं.

पुढच्या भागात गोचीड. त्याबद्दलचे प्रश्न व्हॉइस नोटनं पाठवा.