एक संध्याकाळ विद्येसाठी

एप्रिलचा तिसरा आठवडा सरू लागला, की पुणेकरांच्या घरी दोन गोष्टींची चौकशी सुरू व्हावी, असा जुना शिरस्ता आहे. एक आंब्याच्या भावाची आणि दुसरी वसंत व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेची. पहिली चौकशी आजही घरोघर चालते. दुसरी मात्र मंदावत चालली आहे, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. या आठवड्यात, म्हणजे २१ एप्रिलच्या सुमारास, परिपाठाप्रमाणे टिळक स्मारक मंदिरात व्याख्यानमालेस प्रारंभ होतो. म्हणून हा विषय आम्ही आज येथे, पहिल्या पानावर घेत आहोत.

रानडे यांनी ही माला १८७५ साली सुरू केली. त्या वेळी फर्ग्युसन महाविद्यालय निघावयास अजून दहा वर्षे होती, आणि पुण्याला स्वतःचे विद्यापीठ मिळावयास तर ७४. म्हणजे विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी पाऊण शतक हे शहर संध्याकाळी एकत्र बसून ऐकत होते, शंका विचारीत होते, वाद घालीत होते. १९४९ साली गणेशखिंडीत विद्यापीठ आले ते अशा शहरात. पुण्याची विद्येची कीर्ती केवळ इमारतींनी झालेली नाही. तीत श्रोत्यांचाही वाटा आहे.

हा वाटा लहान नव्हे. २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले सभागृहात, गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि संघराज्याच्या योजनेची त्यांनी चिकित्सा केली. ते व्याख्यान आज आपण ग्रंथरूपाने वाचतो. पण पुणेकरांनी ते प्रथम कानांनी ऐकले. सदाशिव पेठेत राजवाड्यांनी १९१० साली स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात अभ्यासकांनी आपले निबंध प्रथम सभेपुढे वाचावेत, हीच रीत पडली. अलीकडच्या काळात डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली उभारलेल्या आयुका संस्थेने शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने सुरू केली. प्रयोगशाळेचे दार मुलांना उघडे असावे, हा विचार रानड्यांच्याच परंपरेतला आहे.

कोणी म्हणेल, व्याख्याने आता भ्रमणध्वनीवर घरबसल्या ऐकावयास मिळतात. मग वाहनांच्या गर्दीतून सभागृह गाठण्याचा खटाटोप कशाला? दूरच्या किंवा आजारी माणसाची यामुळे मोठी सोय झाली, हे आम्ही मान्य करतो. परंतु घरी न पटलेला वक्ता एका बोटाने गप्प करता येतो. सभागृहात त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे लागते, आणि तेही शेजारी बसलेल्या, त्याच्याशी सहमत असलेल्या माणसाच्या संगतीत. विरोधी मत शांतपणे ऐकण्याची ही सवय मोडली, तर लोकशाही केवळ मतदानापुरती उरेल. शिवाय समोर जाणते श्रोते असले, की वक्ताही तयारी करून येतो.

संयोजकांनाही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. सहाची सभा साडेसहाला सुरू व्हावी, मग हारतुरे, मग परिचय, मग अध्यक्षांचे प्रास्ताविक, आणि वक्ता उठतो तेव्हा श्रोत्यांची नजर घड्याळाकडे, हा प्रकार थांबावयास हवा. प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवावा. तरुण येत नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी तरुणांना विचारावयास संधी किती मिळते, हेही पाहावे.

वाचकांस आमची विनंती एवढीच, की या आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांनी राखून ठेवावी आणि एकट्याने जाऊ नये. घरातल्या, किंवा परगावाहून शिकावयास येऊन शेजारी खोली घेऊन राहिलेल्या एखाद्या मुलाला वा मुलीला बरोबर न्यावे. सभागृहातील पांढऱ्या केसांच्या रांगांत काही काळे केस दिसू लागले, तर परंपरेची काळजी वेगळी करावी लागणार नाही. आपण या शहराला अभिमानाने विद्येचे माहेरघर म्हणतो. लेक माहेरी यावी आणि घरात तिची विचारपूस करावयास कोणीही नसावे, हे त्या घराला शोभणारे नाही.