'रिस्टार्ट मारू का?' : ऑफिसातल्या लिनक्सवर पहिला आठवडा

गेल्या महिन्यात मी वरवट बकालला घरी होतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास मामेभावाचा फोन आला. तो नुकताच एका तालुका कोर्टात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलाय. पहिलाच आठवडा, त्यात प्रोबेशन.

"दादा, तीन घंटे टाइप केलं, सेव्ह बी केलं. आता फाइलच दिसून नाही रायली. सकाळी सायबांना द्याची हाये. रिस्टार्ट मारू का? फोन तं तसाच सुधरते."

मी जवळपास ओरडलोच, "थांब! काहीच बंद करू नको."

का ओरडलो ते पुढे सांगतो. आधी हे की, तो ज्या मशीनवर बसला होता तिच्यात विंडोज नव्हतं, उबुंटू होतं. न्यायालयांमध्ये हे नेहमीचं आहे. २००७ मध्ये सुरू झालेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरवर भर दिला गेला, सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीनं कोर्टांसाठी उबुंटू लिनक्स स्वीकारलं, आणि केसेसची नोंद ठेवणारं सीआयएस हे सॉफ्टवेअर तर एनआयसीच्या पुणे केंद्रात बनलं. म्हणजे टायपिंगची परीक्षा देऊन कोर्टात लागणाऱ्या आपल्या पोरांची पहिल्या दिवशी गाठ पडते ती लिनक्सशीच. तसं बघितलं तर तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच कर्नलवर चालतो. फरक एवढाच, की फोन ते तुम्हाला दिसू देत नाही.

आणि खरी अडचण तिथेच आहे. फोनवर फाइल कुठे ठेवली हे आपल्याला कधी माहीतच नसतं. फोटो गॅलरीत 'असतो', पीडीएफ व्हॉट्सअपमध्ये 'असते'. कॉम्प्युटरवर मात्र प्रत्येक फाइलला पत्ता असतो. लिनक्समध्ये सगळ्याची सुरुवात एका तिरप्या रेघेपासून, म्हणजे स्लॅशपासून होते. त्याच्या आत होम, होमच्या आत तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स वगैरे. तुमचं काम तुमच्या नावाच्या फोल्डरात असायला हवं. बाकीची घरं सिस्टिमची.

भावाला विचारलं, सकाळी काय काय केलं? तर पेन ड्राइव्हवर आलेली झिप फाइल उघडली, ती कुठे सोडवायची असं विचारल्यावर 'टीएमपी' नावाचं फोल्डर निवडलं, त्यातल्या नमुन्यावरच दिवसभर टाइप केलं आणि सेव्ह करत राहिला. टीएमपी म्हणजे टेम्पररी. उबुंटूमध्ये नेहमीच्या सेटिंगप्रमाणे मशीन नव्यानं सुरू होताना हे फोल्डर रिकामं केलं जातं, आणि तेही कचरापेटीत न टाकता. रिस्टार्ट मारला असता तर तीन घंटे गेले होते. फोनवर जो सगळ्यावरचा उपाय, तोच इथे घात करणार होता.

फाइल शोधायला टर्मिनल लागलं नाही. फाइल्सचं अॅप उघडायचं, डावीकडे 'रिसेंट' दाबायचं, नुकत्याच वापरलेल्या फाइल्स दिसतात. हव्या त्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की ती कोणत्या फोल्डरात आहे ते कळतं. जे माउसनं दोन क्लिकमध्ये होतं ते माउसनंच करावं. काळ्या स्क्रीनवर टाइप केलं म्हणून कोणी जास्त हुशार ठरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण पोरगा म्हणाला, आता टर्मिनलबी दाखवाच. म्हणून फाइल हलवायचं काम तिथे केलं. खाली कमांड उच्चारानं लिहिल्यात, कारण मी फोनवर तशाच सांगितल्या. टाइप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांत करा. लिनक्सला छोटं आणि मोठं अक्षर वेगळं वाटतं.

कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबा, टर्मिनल उघडतं. पहिली कमांड पी-डब्ल्यू-डी, मग एंटर. आपल्याकडे पीडब्ल्यूडी म्हटलं की खड्डे आठवतात, पण इथलं पीडब्ल्यूडी तुम्ही आत्ता कोणत्या फोल्डरात उभे आहात ते सांगतं. मग एल-एस : समोर काय काय आहे ते दाखव. एल-एस, स्पेस, हायफन, एल-टी असं दिलं तर शेवटी बदललेली फाइल सगळ्यात वर येते. सी-डी आणि फोल्डरचं नाव दिलं की त्या फोल्डरात जाता येतं, आणि सी-डी, स्पेस, दोन टिंबं दिली की एक पायरी मागे.

आता कॉपी. सी-पी, स्पेस, स्लॅश, टी-एम-पी, स्लॅश, फाइलच्या नावाची पहिली तीन-चार अक्षरं, आणि इथे टॅब दाबायचं. बाकीचं नाव मशीन स्वतः भरतं, नावात स्पेस असली तरी सांभाळून घेतं. तेवढ्यानं नाव पूर्ण झालं नाही तर त्या अक्षरांच्या दोन फाइल्स आहेत, टॅब दोनदा दाबा म्हणजे दिसतील. मग स्पेस, टिल्ड (~), स्लॅश, डॉक्युमेंट्स, त्यातला डी मोठा. टिल्ड म्हणजे तुमचं स्वतःचं घर. एंटर.

"दादा, काहीच नाही म्हनालं."

म्हणजे काम झालं. चुकलं असतं तर बोललं असतं. तरी डॉक्युमेंट्समध्ये जाऊन एल-एस करायला लावलं, फाइल उघडून शेवटचं पान बघायला लावलं, आणि मगच मशीन बंद करू दिली.

पी-डब्ल्यू-डीवर माझा एवढा जोर का? नोकरीच्या पहिल्या वर्षी मी आर-एम ही पुसण्याची कमांड चुकीच्या फोल्डरात उभा राहून दिली. टेस्टिंगचं फोल्डर समजलो होतो, निघालं दुसरंच. माउसनं डिलीट केलेलं ट्रॅशमध्ये जातं आणि परत आणता येतं. आर-एमचं तसं नाही, तिथे ट्रॅश मध्ये येतच नाही. दोन दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून पुसायचं असेल तर आधी पी-डब्ल्यू-डी, मग एल-एस, आणि आर-एमला हायफन-आय जोडून. मग ते प्रत्येक फाइलला विचारतं, पुसू का?

एखादी कमांड अडकली तर कंट्रोल आणि सी दाबून थांबवता येते. टर्मिनलमध्ये कॉपी-पेस्ट करायला मात्र कंट्रोलबरोबर शिफ्टही लागतं, सवयीनं नुसतं कंट्रोल-सी दाबाल तर चालू काम तुटेल. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर टिंबंसुद्धा दिसत नाहीत, कीबोर्ड बिघडलेला नसतो. आणि 'सुडो' नं सुरू होणारी कमांड कुणी व्हॉट्सअपवर पाठवली तर ऑफिसच्या मशीनवर चालवू नका. सुडो म्हणजे सगळ्या किल्ल्या हातात देणं. ते काम सिस्टिम सांभाळणाऱ्या माणसाचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन. यादी साहेबांकडे गेली होती, आता मराठी टाइप होत नव्हतं. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे इनपुट सोर्सेसमध्ये मराठी जोडायचं. मग विंडोजचं चिन्ह असलेली की आणि स्पेस दाबली की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. टाइपरायटरच्या पद्धतीनं ३० शब्दांची परीक्षा पास झालेल्या बोटांना पहिले काही दिवस राग येतो. भावाच्या बोटांना अजून येतोय.