मिठाचा खडा ‘आपोआप’ तयार होतो का?

किहीमच्या शिबिरात समुद्रावरून परतल्यावर आमच्यातल्या एका मुलीने हातावर सुकलेले मीठ दाखवून विचारले, “पाण्यात तर काहीच दिसत नव्हते, मग हे दाणे आले कुठून?” आम्ही समाजशास्त्रवाले. उत्तरासाठी शाळेचे पुस्तक पुन्हा उघडावे लागले.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात बहुतांश मीठच. मिठातले सोडियमचे कण धनभारित, क्लोराइडचे ऋणभारित. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन. त्यामुळे हे रेणू त्या कणांना चहूबाजूंनी वेढून एकमेकांपासून दूर ठेवतात. उन्हाने पाणी आटले की वेढा घालायला रेणू पुरत नाहीत आणि सोडियम-क्लोराइड एकमेकांना धरू लागतात. सुरुवातीचे छोटे पुंजके टिकत नाहीत, कारण त्यांतले बहुतेक कण कडेला असतात आणि कडेच्या कणाला धरून ठेवणारे शेजारी कमी. पुंजका पुरेसा मोठा झाला की आतल्या प्रत्येक कणाला विरुद्ध भाराचे सहा शेजारी मिळतात: वर-खाली, मागे-पुढे, डावी-उजवीकडे. म्हणून खडा चौकोनी. ही पकड इतकी घट्ट, की मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. आणि तरी पेलाभर पाणी ती सहज सोडवते!

आपल्याच जिल्ह्यात, पेण-उरणच्या मिठागरांत हेच घडते, पण आपोआप नाही. भरतीचे पाणी आत घेऊन टप्प्याटप्प्याने आटवावे लागते. आधी जिप्सम खाली बसते, मग मीठ. शेवटी मॅग्नेशियमचे कडवट पाणी उरते. ते वेळेवर काढले नाही तर मीठ कडू होते आणि पावसाळ्यात बरणीत पाझरते, कारण मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेते. ती वेळ ओळखायची, तीही खाऱ्या पाण्यात उभे राहून, हे मिठागरातल्या माणसाचे ज्ञान. आपण मात्र त्याला ‘अकुशल मजुरी’ म्हणून मोकळे होतो.

पुढच्या शिबिरात आम्ही दोन ताटल्या ठेवणार आहोत. दोन्हींत मिठाचे दाट पाणी, एक उन्हात, एक सावलीत. सावलीतले पाणी सावकाश आटते, कणांना नीट जागा घ्यायला वेळ मिळतो आणि खडे मोठे होतात. घरी करून पाहा. फक्त ताटली हलवू नका.