कागद कोणाचे? बगदादच्या ओल्या पेट्यांची गोष्ट

पेसाहच्या साफसफाईत कपाटातली आमची जुनी मराठी हगादा बाहेर काढली. नातू म्हणाला, "सफता, मी फोनवर सगळ्या पानांचे फोटो काढतो. मग हे पुस्तक कशाला सांभाळायचं?" मला पटकन उत्तर सुचेना. पण बगदादच्या कागदांची गोष्ट आठवली, तीच आज सांगते.

२००३ च्या मे महिन्यात अमेरिकन सैनिक बगदादमध्ये सद्दामच्या गुप्त पोलिसांच्या मुख्य कचेरीत एक जुना तालमूद शोधत गेले. तळघरात पाणी भरलेलं. त्यात ज्यूंची २,७०० हून जास्त पुस्तकं आणि हजारो कागद तरंगत होते. १५६८ साली छापलेलं तनाख, शाळांच्या नोंदी, सिनेगॉगचे हिशेब, आणि १९०२ साली एका इराकी ज्यू मुलाने हाताने लिहून सजवलेली हगादा.

मी नर्स होते, त्यामुळे पुढचा भाग मला फार आवडतो. कागद उन्हात थोडे वाळवून २७ पत्र्याच्या पेट्यांत भरले, पण आत ओल राहिलीच. बगदादची गरमी! ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. म्हणून पेट्या थेट फ्रीझरच्या ट्रकात ठेवल्या. थंडीने बुरशी मरत नाही, फक्त वाढायची थांबते. मग सगळं अमेरिकेत टेक्सासला नेलं. तिथे हवा काढून घेतलेल्या बंद खोलीत बर्फाची सरळ वाफ होऊ दिली. बर्फ वितळून पाणी झालं असतं तर शाई पसरली असती. त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या लोकांनी पानं साफ केली, स्कॅन केली आणि इंटरनेटवर ठेवली. आज लोदमध्ये बसूनही ती बघता येतात. पैसे पडत नाहीत.

तोरांचे काही तुकडे मात्र दुरुस्त होण्यापलीकडचे होते. असे ४९ तुकडे डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ज्यू कब्रस्तानात रीतसर पुरले. त्या गावाचं नाव वेस्ट बॅबिलन. योगायोग बघा!

भांडण झालं ते पुढे. कागद नेतानाच करार झाला होता, की दुरुस्ती झाली की सगळं इराकला परत द्यायचं. इराक सरकारचं म्हणणं, ही आमच्या देशाच्या इतिहासाची ठेव. इराकी ज्यू म्हणाले, आमच्या सिनेगॉगमधून उचलून नेलेली वस्तू तुमची कशी झाली? १९५०-५१ मध्ये सुमारे १,२०,००० ज्यू तिथून निघाले आणि १९५१ च्या कायद्याने त्यांची मालमत्ता सरकारने गोठवली. ओर येहुदात राहणाऱ्या म्हाताऱ्याने आपल्या शाळेचं रजिस्टर बघायला बगदादला जायचं म्हटलं, तर इस्रायली पासपोर्टवर त्याला आत कोण घेणार? परत पाठवायची तारीख आधी २०१४ ची होती, ती पुढे गेली, मग २०१८ म्हणू लागले. मी इराकी ज्यूंच्या बाजूने आहे. तरी एक गोष्ट मनात येते. तिथे एकही कागद उरला नाही, तर बगदादमध्ये कधी ज्यू राहत होते हे तिथल्या मुलांना कळणार कसं?

काहीजण म्हणाले, स्कॅन सगळ्यांना मिळालंय, आता भांडता कशाला? पण स्कॅनमुळे वाचता येतं, मालकी ठरत नाही.

आपलं तसं नाही. कोकणातून आपल्याला कोणी हाकललं नाही, आपण आपल्या मर्जीने आलो आणि जमेल तेवढं सामान घेऊन आलो. आपल्या वस्तू कोणी परत मागत नाही. आपल्याकडे त्या हरवतात त्या घरातल्या घरात. आईवडील गेले, घर रिकामं करायचं, मुलांना मराठी येत नाही, पिशवी कचऱ्यात.

नातवाने काढलेले फोटो मी चष्मा लावून बघितले. छापील पानं सगळी आली होती. शेवटचं कोरं पान मात्र त्याने सोडून दिलं होतं. त्याला ते गिरगटलेलं वाटलं. त्याच पानावर माझ्या आजोबांच्या अक्षरात सगळ्या मुलांचे जन्म आणि मरण लिहिलेले आहेत, माझ्या आत्याचंही, जी दोन वर्षांची असताना गेली. तिचं नाव दुसरीकडे कुठेच नाही.

वॉर्डात रक्ताच्या नळीवर नाव नसेल तर लॅबवाले ती फेकून देत. फोटोचंही तसंच. म्हणून मी प्रत्येक फोटोसोबत कोण, कुठलं गाव, कोणत्या साली, हे मराठीत सांगितलं आणि नातवाने हिब्रूत लिहून घेतलं. तीन संध्याकाळी लागल्या. तुमच्याकडे असं काही असेल तर कोरी पानं, कव्हराची आतली बाजू, मधे ठेवलेल्या चिठ्ठ्या, सगळ्यांचे फोटो घ्या. ग्रंथालयाला द्यायचं असेल तर आधी विचारा, की वस्तू ठेवून घेणार का स्कॅन करून परत देणार. काही ठिकाणी परत देतात. आणि जे ठरेल ते कागदावर लिहून घ्या.

आमची हगादा अजून कपाटातच आहे. द्यायची की नाही ते भावाशी बोलून ठरवायचं आहे, त्याचाही तिच्यात वाटा आहे. तो म्हणतो, हा पेसाह होऊ दे, मग बघू.